गाडीचा एसी चालूच होत नाही? गॅस भरण्याआधी एवढं तपासा

एसीचं बटण दाबलं, गार हवा आली नाही, गाडी गॅरेजला नेली आणि 'गॅस संपलाय, भरावा लागेल' एवढंच ऐकायला मिळालं, तर बिघाड अजून शोधलाच गेलेला नाही असं समजा. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळला आहे, आणि ती जागा सापडेपर्यंत नवा गॅसही त्याच वाटेने जाणार. आणि एसी अजिबातच चालू होत नसेल, तर दोष गॅसमध्ये नसून उडालेल्या फ्यूजमध्ये, चिकटलेल्या रिलेमध्ये (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), उंदराने कुरतडलेल्या वायरमध्ये किंवा एसीचा कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप) इंजिनला जोडणाऱ्या झिजलेल्या क्लचमध्येही असू शकतो. ही सगळी तपासणी साधा मल्टीमीटर, टॉर्च आणि थोडा धीर एवढ्यावर घरच्या पार्किंगमध्ये होते.

पुढची सगळी माहिती साध्या मॅन्युअल एसीच्या छोट्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे: वॅगन आर, स्विफ्ट, सँट्रो, आय-टेन यांच्या जातकुळीतल्या, पट्ट्यावर चालणारा क्लचवाला कॉम्प्रेसर आणि आर-१३४ए गॅस असलेल्या. बिनक्लचचे कॉम्प्रेसर, हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल शेवटी वेगळं लिहिलं आहे. तशी गाडी असेल तर आधी तेच वाचा.

सुरू करण्याआधी सुरक्षितता. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा. बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी करू नका. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी पट्ट्यापासून लांब ठेवा. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, तिथे हात घालू नका. आणि गॅसच्या नळीचा कुठलाही जोड स्वतः सोडू नका. आर-१३४ए साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांना उकळतो. डोळ्यावर किंवा त्वचेवर उडाला तर तिथली जागा गोठून जखम होते.

नेमकं काय बंद आहे?

'एसी चालू होत नाही' या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात आणि तिघींचे रस्ते वेगळे आहेत. इंजिन सुरू करा, काचा खाली घ्या, रेडिओ बंद करा. ब्लोअर दोन नंबरवर ठेवून एसीचं बटण दाबा. आता चार गोष्टींकडे लक्ष द्या. जाळीतून हवा येते का? बटणाचा दिवा लागतो का? बॉनेटखालून 'टक्' असा आवाज येऊन इंजिनाचा आवाज किंचित बदलतो का? रेडिएटरचा पंखा फिरू लागतो का?

हवाच येत नसेल तर बिघाड ब्लोअरच्या बाजूला आहे. अशा वेळी एसी लागणारच नाही, कारण बहुतेक मॅन्युअल गाड्यांत एसीच्या बटणाला ब्लोअर चालू असल्याशिवाय करंट किंवा परवानगी मिळत नाही. हवा येते पण 'टक्' ऐकू येत नाही, तर कॉम्प्रेसरचा क्लच पकडत नाही. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. आणि क्लच पकडतो, पुढची प्लेट फिरते, तरी हवा गार नाही, तर एसी चालू झालेला आहे. तो प्रश्न कूलिंगचा आहे आणि गॅसचा दाब मोजणारा गेज लावल्याशिवाय त्याचं उत्तर मिळत नाही.

बटणाचा दिवाच लागत नसेल तर बटणापर्यंतचा करंट, त्याचा फ्यूज आणि मागचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) बघा. ऑटोमॅटिक एसीच्या काही गाड्यांत दिवा लुकलुकतो. ती गाडीनेच दिलेली बिघाडाची सूचना असते, तिथे सरळ स्कॅनर लावावा.

ब्लोअर फिरत नसेल तर

ब्लोअर फक्त चार नंबरवर चालतो आणि एक-दोन-तीनवर गप्प राहतो, तर रेझिस्टर (करंट अडवून ब्लोअरचा वेग कमी करणारा भाग) गेला असं जवळजवळ खात्रीने धरा. चार नंबरवर करंट रेझिस्टर टाळून थेट मोटरला जातो, म्हणून तेवढा वेग टिकतो. रेझिस्टर साधारण ग्लोव्हबॉक्सच्या मागे हवेच्या डक्टमध्ये बसवलेला असतो, कारण ब्लोअरच्याच हवेने तो थंड राहतो. केबिन फिल्टर धुळीने आणि पानांनी गच्च झाला की हवा कमी पडते, रेझिस्टर तापतो आणि त्यातला थर्मल फ्यूज वितळतो. रेझिस्टर बदलताना फिल्टर बदलला नाही, तर नवा रेझिस्टरही लवकरच जातो. कपलरची प्लास्टिकची बाजू तपकिरी किंवा वितळलेली दिसली तर कपलरही बदला. सैल पिनमुळे तिथे उष्णता निर्माण होत राहते.

एकाही नंबरवर चालत नसेल तर डॅशबोर्डखालच्या फ्यूजबॉक्समधला ब्लोअरचा फ्यूज बघा, साधारण २५ ते ३० अँपिअरचा. ठीक असेल तर ब्लोअर चार नंबरवर ठेवून मोटरच्या कपलरवर व्होल्टेज मोजा. १२ व्होल्ट येतात पण मोटर फिरत नाही, तर मोटरचे कार्बन ब्रश झिजले आहेत. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने मोटरवर हलकी टिचकी मारल्यावर ती फिरू लागली, तर शंका उरत नाही. नवा फ्यूज टाकताच पुन्हा उडत असेल तर बहुधा मोटर जाम आहे. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत वायपरखालच्या जाळीतून पानं आत पडतात, उंदीर फिल्टरच्या जागी घरटं करतात आणि पंखा अडकतो. फ्यूज उडतो म्हणून जास्त अँपिअरचा फ्यूज टाकू नका. मग फ्यूजऐवजी वायर जळते, आणि ती डॅशबोर्डच्या आत असते.

ब्लोअर फिरतो, पण क्लच पकडत नाही

बॉनेट उघडा आणि कॉम्प्रेसर शोधा. बहुतेक गाड्यांत तो इंजिनच्या खालच्या अंगाला, पट्ट्याच्या बाजूला असतो. त्याची पुली इंजिन चालू असेपर्यंत सतत फिरते, त्यामुळे पुली फिरताना बघून 'कॉम्प्रेसर चालू आहे' असं ठरवू नका. पुलीच्या पुढे मधोमध एक गोल प्लेट असते. ती फिरली तरच कॉम्प्रेसर चालू. टॉर्च मारून तीच बघायची.

ही प्लेट ओढून घेणारी लोहचुंबकाची कॉइल पुलीच्या मागे असते. तिला करंट मिळण्याची साखळी अशी: बॅटरी, फ्यूज, रिले, कॉइल आणि मग इंजिनच्या बॉडीतून अर्थ. हा झाला ताकदीचा रस्ता. रिलेला 'चालू हो' सांगणारा हुकमाचा रस्ता वेगळा आहे. ब्लोअर स्विच, एसीचं बटण, कूलिंग कॉइलचा (डॅशबोर्डमागे हवा गार करणारी जाळी) थर्मिस्टर म्हणजे तापमानाचा सेन्सर, आणि प्रेशर स्विच या सगळ्यांनी होकार दिला की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, रिले ओढतो. यातला कुठलाही एक जण नाही म्हणाला की क्लच गप्प. म्हणून सगळ्यात आधी करंट कॉइलपर्यंत पोहोचतो की नाही हे बघायचं. तिथून पुढचा निम्मा तपास आपोआप गळून पडतो.

आधी इंजिन बंद करून, किल्ली काढून पुढची प्लेट हाताने फिरवून बघा. थोडा जड पण सलग फिरणारा कॉम्प्रेसर ठीक. अजिबात हलत नसेल तर तो आतून जाम झाला आहे. अशा कॉम्प्रेसरला जबरदस्तीने करंट देऊ नका. ज्या गाड्यांत एकाच पट्ट्यावर अल्टरनेटर आणि वॉटर पंपही चालतात, तिथे तो पट्टा जळून तुटला तर गाडी रस्त्यातच उभी राहील.

मग हे करा, याच क्रमाने.

१. फ्यूज. बॉनेटखालच्या फ्यूजबॉक्सच्या झाकणावर 'ए/सी' किंवा कॉम्प्रेसर अशी खूण असते. बहुधा १० अँपिअरचा असतो, पण झाकणावर लिहिलेला आकडाच प्रमाण. नुसता डोळ्याने बघून समाधान मानू नका, मल्टीमीटरच्या बीपवर तपासा. बारीक चिरलेला फ्यूज डोळ्याला साबूत दिसतो.

२. रिले. शेजारीच हॉर्नचा किंवा पंख्याचा तसाच रिले असतो. त्यावरचा नंबर आणि पिनांची मांडणी जुळत असेल तर दोघांची अदलाबदल करा. क्लच पकडला तर रिले गेला होता, काम संपलं.

३. रिलेची खाच. रिले काढून, किल्ली ऑनवर ठेवून ३० नंबरच्या पिनवर (बॅटरीकडून करंट येतो ती) १२ व्होल्ट येतात का बघा. येत असतील तर इंजिन बंद ठेवून, १० अँपिअरचा फ्यूज मध्ये जोडलेल्या वायरने ३० आणि ८७ (कॉम्प्रेसरकडे करंट जातो ती पिन) एक-दोन सेकंद जोडा. कॉम्प्रेसरकडून 'टक्' आला तर खालची वायर, कॉइल आणि अर्थ ठीक आहेत. दोष हुकमाच्या रस्त्यात आहे. आवाज आला नाही तर दोष रिले ते कॉम्प्रेसर या टप्प्यात आहे. रिलेच्या ८५ आणि ८६ या हुकमाच्या पिनांना ईसीयूच्या बाजूने हात लावताना बल्बवाला टेस्ट लॅम्प वापरू नका. त्याचा करंट ईसीयूच्या आउटपुटला जड जाऊ शकतो. तिथे मल्टीमीटरच हवा.

४. कॉइल. कॉम्प्रेसरवरचा कपलर सोडून कॉइलचा रोध मोजा. थंड असताना साधारण ३ ते ५ ओहम आला पाहिजे. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली आहे. काही कॉम्प्रेसरमध्ये कॉइलसोबत थर्मल फ्यूज असतो, अतितापाने तो उडाला तरी मीटर असंच दाखवतो. रोध दोन ओहमच्याही खाली आला तर आतली वेटोळी एकमेकांना चिकटली आहेत. फ्यूज पुन्हा पुन्हा उडण्याचं हे नेहमीचं कारण. मल्टीमीटरच्या स्वतःच्या पिनांचा रोध आधी मोजून वजा करा. एवढ्या लहान आकड्यांत तो फरक पाडतो.

५. वायर. कॉम्प्रेसरला जाणारी वायर खालून, सायलेन्सरच्या गरम पाइपाजवळून जाते. उंदीर इथे पहिल्यांदा दात लावतात, आणि पावसाळ्यात इंजिनच्या उबेला बसणारे तर हमखास. कॉइल ठीक, रिले ठीक आणि तरी कपलरवर करंट नाही, तर वायरवर बोट फिरवत जा. वरचं कव्हर साबूत असून आतली तार हिरवी पडून तुटलेली असते. कोकण किनारपट्टीवर, मुंबईत, गोव्यात हे जास्त. तुटलेल्या जागी वायरी पिळून नुसती टेप गुंडाळणं चालत नाही. इंजिनच्या थरथरीने जोड सैल होतो आणि उष्णतेने टेपचा गोंद सुटतो. सोल्डर करून वर हीट-श्रिंक नळी बसवा.

सकाळी चालतो, ट्रॅफिकमध्ये बंद पडतो

ही तक्रार घेऊन लोक वर्षानुवर्षं गॅस भरत राहतात, म्हणून तिला वेगळी जागा देतो.

सकाळी एसी मस्त गार. अर्ध्या-पाऊण तासाने इंजिन पूर्ण तापलं की कॉम्प्रेसर सुटतो आणि परत पकडत नाही. गाडी तासभर उभी राहिली की पुन्हा सुरू. हा बहुतेक वेळा क्लचच्या गॅपचा दोष असतो. प्लेट आणि पुली यांच्यात साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर फट असते. दर वेळी क्लच पकडताना दोन्ही पृष्ठभाग थोडे झिजतात आणि फट वाढत जाते. आता यात तापमान मिसळा. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २५ अंशांना ३.६ ओहम असलेली कॉइल १०० अंशांना ४.६ ओहमच्या वर जाते. साडेतेरा व्होल्टला ३.७५ अँपिअर घेणारी कॉइल तेव्हा २.९ अँपिअरच घेते. चुंबक तेवढा दुबळा होतो आणि वाढलेल्या फटीतून प्लेट ओढू शकत नाही.

खात्री करायची असेल तर एसी बंद पडलेल्या अवस्थेत गाडी बाजूला घ्या, इंजिन आणि बटण चालू ठेवा, आणि कपलरवर १३ व्होल्टच्या आसपास येतात का बघा. व्होल्टेज पूर्ण आहे, कॉइलचा रोध ठीक आहे, तरी प्लेट उचलत नाही, तर गॅप. काही जण चालू इंजिनवर लाकडी दांड्याने प्लेट ढकलून बघतात. पट्ट्याच्या इतक्या जवळ तो प्रयोग टाळलेलाच बरा. इंजिन बंद करून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) तीन ठिकाणी फट मोजली की उत्तर मिळतं.

उपाय स्वस्त आहे. प्लेटचा मधला बोल्ट सोडला की शाफ्टवर बारीक वॉशर, म्हणजे शिम, असतात. त्यातला एक काढून किंवा पातळ बसवून फट ०.४ च्या आसपास आणायची. अगदी शून्याकडे नेऊ नका, नाही तर एसी बंद असतानाही प्लेट घासत राहील आणि पुलीचं बेअरिंग तापेल. प्लेटचा पृष्ठभाग निळा पडला असेल किंवा पुली हलवल्यावर खुळखुळत असेल, तर शिमने भागणार नाही, क्लच किट लागेल. पूर्ण कॉम्प्रेसर बदलायची गरज मात्र इथे नसते. गॅरेजवाल्याला तसं स्पष्ट विचारा.

ट्रॅफिकमध्येच बंद आणि हायवेवर गार, असं असेल तर गॅपच्या आधी पंखा बघा. एसी लावल्यावर रेडिएटर आणि कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी) यांचा पंखा फिरायला हवा. तो फिरला नाही तर उभ्या गाडीत दाब वाढत जातो आणि प्रेशर स्विच एसी बंद करतो. धावत्या गाडीत समोरची हवा तेच काम करते, म्हणून हायवेवर तक्रार येत नाही.

गॅस आहे की नाही, हे कसं कळतं

ताकदीचा रस्ता साबूत निघाला तर पुढचा संशयित प्रेशर स्विच. पण स्विच दोषी क्वचितच असतो. तो फक्त निरोप देत असतो. दाब सुमारे ३० पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं माप) खाली गेला की तो कॉम्प्रेसर लागू देत नाही, कारण कॉम्प्रेसरचं तेल गॅससोबतच फिरतं. गॅस नाही म्हणजे तेल नाही, आणि तेलाविना कॉम्प्रेसर थोड्याच वेळात जाम होतो. वरच्या बाजूला साधारण ४५० पीएसआयला तो पुन्हा करंट तोडतो. काही जण स्विचच्या दोन वायरी एकत्र पिळून 'एसी सुरू करून' देतात. असं कोणी करत असेल तर हात धरून थांबवा. दोन पिनांच्या स्विचवर घटकाभर परीक्षा म्हणून हे करता येतं, तेही गेजने पुरेसा दाब दिसल्यावरच. तीन पिनांचा सेन्सर असेल तर त्याच्या वायरी कधीही जोडू नका. तो पाच व्होल्टवर चालतो आणि नुकसान ईसीयूचं होतं.

गेज लावून आधी इंजिन बंद असतानाचा, म्हणजे उभा दाब बघतात. गाडी काही तास सावलीत उभी असेल तर दोन्ही सुया जवळजवळ सारखं दाखवतात आणि तो आकडा बाहेरच्या तापमानाशी जुळतो. आर-१३४ए साठी २५ अंशांना सुमारे ८२ पीएसआय, ३० ला ९७, ३५ ला ११४, ४० ला १३३. दुपारी ३५ अंश आहेत आणि गेज ४० दाखवतो, तर गॅस गळालेला आहे. शून्य दाखवतो, तर मोठी गळती. आकडा तापमानाच्या मानाने बराच जास्त असेल तर आत हवा किंवा दुसराच गॅस मिसळला आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. उभा दाब बरोबर आला म्हणजे गॅस पूर्ण आहे, असं नाही. आत थोडा जरी द्रव शिल्लक असेल तरी दाब तेवढाच राहतो, मग तो १५० ग्रॅम असो की ४०० ग्रॅम. क्लच पकडायला पुरेसा गॅस आहे, एवढंच त्यातून कळतं. पूर्ण आहे की नाही, हे सगळा गॅस मशीनने काढून वजन केल्यावरच खात्रीने सांगता येतं.

बाकीचे नकार

दाब ठीक, रिले-कॉइल ठीक, तरी हुकूम येत नाही. आता थर्मिस्टर. कूलिंग कॉइलवर बर्फ जमू नये म्हणून हा बारीक सेन्सर कॉइलचं तापमान शून्याजवळ गेलं की कॉम्प्रेसर थांबवतो. तापमान घटलं की त्याचा रोध वाढतो. त्यामुळे वायर तुटली किंवा कपलर निसटला की ईसीयूला अनंत रोध दिसतो, तो 'कॉइल गोठली' असं समजतो आणि कडक उन्हाळ्यातही कॉम्प्रेसर लावत नाही. सेन्सर काढून मुठीत धरा, रोध उतरला पाहिजे. बर्फाच्या पाण्यात बुडवा, चढला पाहिजे. काहीच हललं नाही तर तो बदला. डॅशबोर्डमध्ये म्युझिक सिस्टिम किंवा अलार्म बसवताना हा कपलर निघून राहिल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. काम झाल्या दिवसापासून एसी बंद असेल तर तिथूनच सुरुवात करा.

ईसीयूही स्वतःच्या कारणांसाठी एसी अडवतो: इंजिन जास्त तापलं, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, बॅटरीचं व्होल्टेज फार पडलं, किंवा इंजिनचा आयडल स्थिर नाही. इंजिन चालू असताना बॅटरीवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट नसतील तर आधी अल्टरनेटर बघा. गाडीचे बिघाडाचे कोड मोबाइलवर दाखवणारा स्वस्त ब्लूटूथ ओबीडी अॅडॅप्टर असेल तर इथे तो उपयोगी पडतो. पी०५३० ते पी०५३३ हे कोड प्रेशर सेन्सरच्या सर्किटचे, पी०६४५ हा क्लचच्या रिलेच्या सर्किटचा. कोड आला म्हणजे तो भाग लगेच बदलायचा असं नाही. त्याची वायर आणि कपलर आधी.

गॅस खरोखरच गळाला असेल तर

हे काम गॅरेजचं, पण ते कसं व्हायला हवं हे तुम्हाला ठाऊक असलं पाहिजे. समोर उभं राहा.

गॅससोबत तेलही बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटते, म्हणून गळतीच्या जागी काळपट चिकट डाग दिसतो. कंडेन्सरची खालची बाजू, जिथे दगड लागतात. नळ्यांच्या जोडांतल्या ओ-रिंग, म्हणजे रबरी कड्या. गॅस भरायच्या तोंडातली पिन, जिचं प्लास्टिकचं टोपण बहुतेक गाड्यांत हरवलेलं असतं. कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील. शेवटी कूलिंग कॉइल, जी डॅशबोर्ड उघडल्याशिवाय दिसत नाही. तिच्यासाठी तेलात रंग मिसळून काही दिवसांनी पाणी टपकणाऱ्या नळीच्या टोकाशी यूव्ही टॉर्च मारतात. सिस्टिम पूर्ण रिकामी असेल तर कोरडा नायट्रोजन भरून साबणाच्या पाण्याने तपासायचं. टायरमध्ये हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरची साधी हवा त्यात दमटपणा घालते, आणि ऑक्सिजन तर तेलाशी गाठ पडली की स्फोट करू शकतो. तो कधीही नाही.

जोड उघडले की ओ-रिंग नव्या, त्यावर एसीच्याच तेलाचा हात. सिस्टिम बराच काळ उघडी राहिली असेल किंवा कॉम्प्रेसर बदलला असेल तर ड्रायरही (आतला ओलावा शोषणारा भाग) नवा. जुन्या कॉम्प्रेसरच्या तेलात रुपेरी-काळा गाळ निघाला, तर कंडेन्सर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हही (कूलिंग कॉइलआधी गॅसचा दाब उतरवणारा) बदलावे लागतात. तो धातूचा चुरा नवा कॉम्प्रेसरही खातो.

मग व्हॅक्यूम, निदान अर्धा ते पाऊण तास. आतली हवा काढणं हा त्याचा एक भाग, पाणी उडवणं हा दुसरा. ३० अंशांना पाणी उकळण्यासाठी दाब सुमारे ४२ मिलिबारपर्यंत उतरावा लागतो, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत वेळ जास्तच द्यावा. पंप बंद केल्यावर सुई पंधरा-वीस मिनिटं जागची हलता कामा नये. सुई किती खाली जाईल हे गावाच्या उंचीवरही ठरतं. मुंबईत ती पाऱ्याच्या ३० इंचांजवळ जाते, पुण्यात २८ च्या आसपास तेच पूर्ण व्हॅक्यूम, आणि महाबळेश्वरला साडेपंचवीसच्या पुढे जाणारच नाही. हे न समजून पुण्यात चांगल्या पंपाला दोष देतात.

गॅस वजनाने भरायचा. बॉनेटच्या आतल्या स्टिकरवर ग्रॅमचा आकडा असतो, छोट्या गाड्यांत बहुधा ३५० ते ५०० च्या दरम्यान. 'नळी गार लागेपर्यंत' भरणं हे माप नव्हे. जास्त गॅसनेही दाब चढून एसी बंद पडतो. अनोळखी, फार स्वस्त डब्यांपासून सावध राहा. आर-१३४ए च्या नावाखाली ज्वलनशील एलपीजीसारखा वायू मिसळलेला असू शकतो, आणि मिथाइल क्लोराइड म्हणजे आर-४० ची भेसळ असेल तर ते अॅल्युमिनियमशी क्रिया करून हवा लागताच पेटणारं संयुग बनवतं. जुना गॅस हवेत सोडून देणाऱ्या गॅरेजपेक्षा तो मशीनने काढून घेणारं गॅरेज निवडा. एक किलो आर-१३४ए शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो.

क्लच नसलेल्या आणि इलेक्ट्रिक गाड्या

अनेक नव्या गाड्यांत बदलत्या क्षमतेचा कॉम्प्रेसर असतो. तो इंजिनसोबत कायम फिरतो आणि आतला सोलेनॉइड व्हॉल्व्ह किती गॅस दाबायचा ते ठरवतो. तिथे 'टक्' येणारच नाही आणि पुढची प्लेट बघून काही कळणार नाही. स्कॅनरवर एसीची मागणी, गॅसचा दाब आणि व्हॉल्व्हला जाणारा हुकूम हे तीन आकडे शेजारी ठेवूनच बिघाड शोधावा लागतो. त्याला थेट बॅटरीचा करंट देऊ नका.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीतला कॉम्प्रेसर शेकडो व्होल्टवर चालतो. नारिंगी केबलला हात लावायचा नाही, तिचा कपलर सोडायचा नाही, मल्टीमीटरही लावायचा नाही. केबिनचे फ्यूज आणि फिल्टर एवढंच घरी बघा. गॅस भरून घेताना मात्र एक प्रश्न नक्की विचारा: तेल कोणतं? यात सहसा वीजरोधक पीओई तेल असतं. साध्या गाडीचं पीएजी तेल, अगदी भरण्याच्या नळीत उरलेलं का होईना, आत गेलं तर इन्सुलेशन कमी होऊन गाडी सुरक्षेसाठी हाय व्होल्टेजच बंद करू शकते. म्हणून अशा गाडीसाठी वेगळी मशीन, किंवा आतून धुतलेल्या नळ्या असलेली मशीन वापरतात.

दुरुस्तीनंतर मोजूनच गाडी ताब्यात घ्या. दारं-काचा बंद, आतलीच हवा फिरवणारा लिव्हर चालू, ब्लोअर मधल्या वेगावर, इंजिन १५०० आरपीएमवर दहा मिनिटं, आणि मधल्या जाळीत साधा थर्मामीटर. बाहेर ३५ अंश असताना तिथे ५ ते १० अंश यायला हवेत. गेज लावलेलाच असेल तर खालची सुई साधारण २५ ते ४० आणि वरची १८० ते २५० पीएसआयच्या आसपास दिसेल. भरलेल्या गॅसचे ग्रॅम, घातलेलं तेल आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून बॉनेटच्या स्टिकरशेजारी चिकटवा. पुढच्या वेळी गॅस काढून वजन केलं की किती महिन्यांत किती ग्रॅम गेले, हे त्या चिठ्ठीवरून लगेच कळेल. आणि थंडीत, पावसाळ्यातही दर पंधरवड्याला दहा मिनिटं एसी चालवा. तेल फिरत राहिलं की शाफ्टचं सील सुकत नाही.